उलटें पान, सुलटें पान

पत्त्यांच्या खेळाविषयीं आपल्या सुशिक्षित कुटुंबांत दोन मतें पूर्वापार चालत आलेलीं आहेत. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, पत्ते हें रिकामपणाचें लक्षण असून ज्या घरांत भरदिवसा पत्त्यांचा जोड बाहेर निघतो, त्या घरांतील मुलांच्या परीक्षेची आशा सोडावी. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, सुटीच्या दुपारीं आजी, आत्या, सुना आणि नातवंडें एका सतरंजीवर बसून झब्बू, बदाम सात किंवा मेंढीकोट खेळत नसतील, तर त्या घराला एकत्र कुटुंब म्हणण्यापेक्षां खानावळ म्हणावें. एका गोष्टीवर मात्र दोन्ही पक्षांचें एकमत आहे. पत्ते ही एकट्यानें खेळावयाची वस्तु नव्हे. एकटाच पत्ते मांडून बसलेला मनुष्य एक तर दुखणाईत असला पाहिजे, नाहीं तर घरांतल्या माणसांवर रुसलेला तरी असला पाहिजे. गेल्या चातुर्मासांत आम्ही चार महिने, आठवड्यांतून दोन-दोन रात्री, एकट्यानें पत्ते मांडले. प्रकृति उत्तम होती आणि रुसण्यासारखें कांहीं घडलें नव्हतें. तेव्हां हा प्रकार काय होता आणि त्यांतून आम्हांस काय मिळालें, हें वाचकांपुढें मांडावेंसें वाटतें.

पुण्यास नोकरीवर असलेला आमचा एक भाचा आषाढांत येथें, छत्रपति संभाजीनगरास, आला आणि जातांना एक भलीमोठी पेटी आमच्याकडे ठेवून गेला. 'मामा, चौघे जमले तर चौघांनीं खेळा, कोणी नसेल तर एकट्यानें खेळा,' एवढेंच त्याचें सांगणें. खेळाचें नांव 'आर्कम हॉरर : द कार्ड गेम'. अमेरिकेंतील फँटसी फ्लाइट गेम्स या कंपनीनें तो २०१६ सालीं काढला. एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) या अमेरिकन लेखकानें आपल्या भयकथांसाठीं आर्कम नांवाचें एक गांव कल्पिलें होतें. त्या गांवांत १९२० नंतरच्या दशकांत घडणाऱ्या अघटित गोष्टींचा छडा लावणारीं माणसें, हीं या खेळांतील पात्रें. प्रत्येक पात्राची सुमारें तीस पानांची स्वतंत्र गड्डी असते आणि एका पाळींत त्याला तीन कामें करतां येतात : चालावें, शोध करावा, लढावें, पान उचलावें किंवा द्रव्य जोडावें. इकडे आपण पुरावे गोळा करीत असतां तिकडे संकटाचें पान दर फेरीस एकेका खुणेनें भरत जातें. आपले पुरावे आधीं पुरे झाले तर कथा आपल्या बाजूनें सरकते. संकट आधीं भरलें तर तें पुढें पाऊल टाकतें. हातीं घेतलेलें काम साधलें कीं फसलें, याचा निकाल एका पिशवींतून न पाहतां काढलेल्या सोंगटीवर लागतो.

या खेळांतील खरी नवलाई मात्र निराळी आहे. आमच्या शहराजवळच वेरुळच्या १४ व्या आणि २१ व्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळत बसलेलीं आहेत. प्रत्यक्ष जगाचे मातापिते. पण फांसे हातीं आले कीं एकाची जीत ती दुसऱ्याची हार. हस्तिनापुरच्या द्यूतापासून आमच्या सतरंजीवरील झब्बूपर्यंत हाच न्याय चालत आला आहे. या पेटींतील खेळांत सर्व खेळाडू एका बाजूस आणि खेळ दुसऱ्या बाजूस. जिंकले तर सारे, हरले तर सारे. समोर कोणी प्रतिस्पर्धी नसल्यामुळें दोन्ही हात एकाच माणसानें खेळले तरी त्यांत लबाडी होत नाहीं. आम्ही दोन पात्रें घेतलीं : रोलंड बँक्स हा सरकारी गुप्त पोलीस आणि डेझी वॉकर ही ग्रंथपाल. रोलंडचें देहबळ ९ आणि मनोबळ ५. डेझीचें नेमकें उलट, देहबळ ५ आणि मनोबळ ९. एक मारामारींत पुढें, पण चमत्कारिक कांहीं पाहिलें कीं मनानें खचणारा. दुसरी मनाची खंबीर, पण एका धक्क्यानें कोलमडणारी. एकाच खुर्चीवर बसून एकदां याच्या बाजूनें आणि एकदां तिच्या बाजूनें विचार करावयाचा! लेखकानें स्वतःस 'आम्ही' म्हणण्याची जी जुनी रीत आहे, तिला या चार महिन्यांत प्रथमच खरा अर्थ आला.

हा खेळ एका बैठकीचा नव्हे. तो एका मोहिमेसारखा चालतो. आम्ही घेतलेली मोहीम 'द सर्कल अनडन' ही २०१९ सालची. तींत चेटकिणींचा एक जथा आणि एक गुप्त मंडळ यांच्या कचाट्यांत सांपडलेल्या गांवाची कथा आठ प्रकरणांत सांगितली आहे. एक प्रकरण संपलें कीं त्याचा निकाल वहींत लिहावयाचा आणि तो पुढच्या प्रकरणास लागू करावयाचा. पात्र देहानें पडलें तर देहाचा घाव आणि मनानें खचलें तर मनाचा घाव कायमचा बरोबर येतो. एखादें प्रकरण हरलें म्हणून मोहीम थांबत नाहीं. हार झाली तर पुढें कसें जावयाचें, हें पुस्तकांत लिहिलेलेंच असतें. झब्बू चढला तरी पुन्हा पत्ते पिसले कीं सारें विसरलें, अशा खेळांची संवय असलेल्या आम्हांस ही गोष्ट प्रथम जड वाटली. पुढें तीच अधिक आवडूं लागली, कारण संसाराचा नियमही पत्ते पिसून सारें पुसण्याचा नाहीं.

आतां टॅरोच्या पानांविषयीं. या मोहिमेची वाढवलेली आवृत्ति २०२१ सालीं निघाली, तींत टॅरोचीं २२ चित्रपानें घातलेलीं आहेत : मूर्ख, जादुगार, सम्राज्ञी, न्याय, उलटा टांगलेला मनुष्य, मृत्यु, मनोरा, चंद्र, सूर्य इत्यादि. तीं काढण्याच्या अनेक रीति दिल्या आहेत. आम्हीं त्यांतली सर्वांत साधी पत्करली : दर प्रकरणापूर्वीं एक पान काढावयाचें, तें सुलटें पडो वा उलटें. सुलटें पडलें तर त्या प्रकरणापुरती एखादी सवलत मिळते; उलटें पडलें तर तीच गोष्ट अडचण होऊन बसते. एखाद्या पानानें आरंभींची सामग्री वाढते किंवा घटते, एखाद्यानें शेवटीं हातीं येणारा अनुभव वाढतो किंवा घटतो. याहून अधिक तें पान कांहीं बोलत नाहीं. जिंकाल कीं हराल हें सांगत नाहीं, आणि अमुक करा, तमुक करूं नका, असेंही सांगत नाहीं.

टॅरो म्हणजे आरंभापासून भविष्य सांगण्याचीं पानें, अशी समजूत सर्वत्र दिसते. ती बरोबर नाहीं. १४४० च्या सुमारास उत्तर इटलींत हीं पानें प्रथम आढळतात, आणि तीं केवळ खेळण्यासाठीं. नेहमींच्या चार रंगांच्या ५६ पानांत हुकुमाचीं २१ चित्रें आणि एक मूर्ख यांची भर घालून ७८ पानांचा जोड केलेला असे. हात करण्याचा तो खेळ फ्रान्स आणि ऑस्ट्रिया या देशांत आजही चालू आहे. या चित्रांत प्राचीन इजिप्तची गूढविद्या दडलेली आहे, ही कल्पना कूर द जेबलँ या फ्रेंच ग्रंथकारानें १७८१ सालीं पसरविली आणि तेथून भविष्यकथनाचा व्यापार वाढला. आज बहुतेक ठिकाणीं दिसणारीं चित्रें पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्त्रीच्या हातचीं असून तीं १९०९ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झालीं. म्हणजे तीनशें वर्षांहून अधिक काळ जें खेळाचें पान होतें, तें मागाहून दैवाचें पान झालें. आणि आमच्या पेटीनें त्याला पुन्हा खेळांत आणून बसविलें.

आपल्याकडचीं चित्रपानेंही कमी थोर नाहींत. बाबरानें १५२७ सालीं सिंधमधील एका स्नेह्यास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, अशीं १२० गोल पानें असतात. हा खेळ बहुधा तिघांचा. अस्तंगत होऊं पाहणारी ही कला राजेसाहेब शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनीं जगविली, हे त्यांचे उपकार होत. या खेळांत निम्म्या रंगांत दश्शी श्रेष्ठ आणि निम्म्या रंगांत एक्का श्रेष्ठ असतो. आणि दिवसा डाव मांडला तर रामाच्या राजाची उतारी, रात्रीं मांडला तर कृष्णाच्या राजाची. एका रंगांत जें पान शेवटचें, तेंच दुसऱ्या रंगांत प्रधानाच्या खालोखाल. पान चांगलें कीं वाईट, हें नुसतें पान पाहून सांगतां येत नाहीं. तें कोठें आणि केव्हां हातीं आलें, हें पाहावें लागतें. आपल्या पूर्वजांनीं ही गोष्ट खेळतां खेळतां मुलांच्या मनावर बिंबविली होती.

अर्थात् दैवाला प्रश्न विचारण्याची हौस आपल्यालाही होतीच. कोंकणांत देवाला कौल लावतात आणि फूल उजवीकडून पडलें कीं डावीकडून, यावरून होकार-नकार ठरवितात. जुन्या घरांच्या फडताळांत पंचांगाशेजारीं शकुनवंतीचें पुस्तक असे. फांसा टाकावा किंवा अंकावर बोट ठेवावें आणि लिहिलेलें फळ वाचावें. त्या रीतींची थट्टा करण्याची आमची इच्छा नाहीं. रात्रभर तळमळणाऱ्या माणसाला कौलानें झोंप लागत असेल, तर तोही कांहीं लहान लाभ नव्हे. परंतु कौल विचारणें आणि पान काढून खेळणें यांत एक महत्त्वाचा भेद आहे, आणि तो आम्हांस तिसऱ्या प्रकरणापासून दिसूं लागला.

तिसऱ्या प्रकरणापूर्वीं पान उलटें पडलें आणि आरंभींची सामग्रीच घटली. एरव्हीं आम्ही रोलंडला शस्त्र देऊन पुढें धाडीत असूं आणि डेझीला त्याच्या मागून नेत असूं. त्या रात्रीं शस्त्रापुरतें द्रव्यच नव्हतें. तेव्हां दोघांना एकाच ठिकाणीं ठेवलें, दूरचे दोन पुरावे सोडून दिले, आणि संकटाचें पान भरावयाच्या आधीं कसेंबसें प्रकरण तडीस नेलें. पांचव्या प्रकरणापूर्वीं पान सुलटें पडलें. तरीही ऐन वेळीं पिशवींतून सर्वथा अपयशाची सोंगटी निघाली आणि डेझी पडली. तिचा घाव सहाव्या प्रकरणांत बरोबर आला. चार महिन्यांच्या वहींत उलट्या पानांखालीं विजय आणि सुलट्या पानांखालीं पराजय, असे दोन्ही प्रकार लिहिलेले आहेत. भविष्य विचारणारा मनुष्य पान पाहून उठतो. खेळणारा पान पाहून बसतो. पहिल्याच्या दृष्टीनें पान हें उत्तर असतें, दुसऱ्याच्या दृष्टीनें तें परिस्थिति असतें. दैव आणि पुरुषकार यांचा वाद आम्हीं लहानपणापासून कीर्तनांत ऐकला. पण त्या दोघांची हद्द कोठें लागते, हें असें बोट ठेवून कधीं दिसलें नव्हतें.

हा भेद केवळ खेळापुरता राहिला असता तर आम्ही येथवर लिहिलेंही नसतें. त्याच चार महिन्यांत आमच्या घरांत एक खरा प्रश्न उभा होता. औरंगपुऱ्यांतील आमचा वाडा आजोबांनीं बांधलेला. दोन भिंतींना ओल धरली होती, माडीचे वासे वांकले होते, आणि एका बांधकाम करणाऱ्यानें वाडा पाडून तेथें सदनिकांची इमारत उठविण्याचा प्रस्ताव दिला होता. उत्तर दसऱ्यापर्यंत द्यावयाचें होतें. आम्ही तिघे भाऊ. दादांना वाडा पाडणें म्हणजे वडिलांचें दुसऱ्यांदा दहन करण्यासारखें वाटे. धाकट्याला पैशांची निकड होती. मुलीच्या परदेशच्या शिक्षणासाठीं काढलेलें कर्ज त्यानें कोणाला सांगितलें नव्हतें. आम्ही मध्यें. तिघे एकमेकांशीं गोड बोलत होतों आणि विषय टाळीत होतों. अशांत एका नातेवाइकांनीं फोनवरून सुचविलें कीं, अमुक एक बाई टॅरोचीं पानें काढून सांगतात, त्यांना विचारा. वाडा द्यावा कीं न द्यावा, दोन मिनिटांत निकाल लागेल. आश्चर्य असें कीं, या सूचनेला दादा आणि धाकटा, दोघेही अनुकूल झाले. विचार केला तेव्हां त्यांतलें मर्म उमगलें. पानानें निकाल दिला म्हणजे दोष कोणाच्याच माथीं येत नाहीं. पानाकडे मनुष्य पुष्कळदां भविष्य विचारावयास जात नाहीं. जबाबदारी ठेवून येण्यास जागा हवी, म्हणून जातो.

याच सुमारास आत्याबाई आमच्या खेळांत शिरल्या. आत्याबाई म्हणजे आमच्या वडिलांची धाकटी बहीण, वय ८६. सव्विसाव्या वर्षीं वैधव्य आल्यावर त्या या वाड्यांत परत आल्या आणि तेव्हांपासून मागच्या दारच्या खोलींत राहतात. रात्रीं जपाची माळ घेऊन त्या टेबलापाशीं येऊन बसत. पहिल्याच दिवशीं त्यांनीं विचारलें, 'काय रे, एकटाच कसले पत्ते खेळतोस? हरलास तर तुला हसणार कोण?' आम्हीं खेळ समजावून सांगितला. सारे एका बाजूला, हें ऐकून त्यांनीं मान हलविली आणि म्हणाल्या, 'म्हणजे स्वयंपाकघरासारखं.' सहाव्या प्रकरणांत डेझी घाव घेऊन आली तेव्हां त्यांनीं माळ बाजूला ठेवली. 'त्या पोरीचे पत्ते मला दे. तूं तिला नुसती त्या पोलिसाच्या मागं फिरवतोस.'

पानांवरचा इंग्रजी मजकूर आम्ही मराठींत सांगावा आणि आत्याबाईंनीं बोटानें पान दाखवावें, असा क्रम सुरू झाला. त्यांचा खेळ अगदीं निराळा. रोलंडला मदत लागली तरी त्या आधीं डेझीच्या हातीं पुस्तकें आणवीत. 'तिचं बळ पुस्तकांत आहे ना? मग तें आधीं मिळूं दे. बळ आलं कीं ती आपण होऊन येईल मदतीला.' आणि तसेंच झालें. सातव्या प्रकरणांत रोलंडला अरिष्टांतून सोडविलें तें डेझीनें. एका डोक्यानें दोन हात खेळतांना ते दोन्ही हात शेवटीं त्याच डोक्याचे असतात. दुसरें डोकें येऊन बसलें कीं प्रथमच कळतें, त्या हाताला स्वतःचें असें कांहीं म्हणावयाचें होतें. एकत्र कुटुंबाच्या कर्त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत धरावी. साऱ्यांच्या हितासाठीं साऱ्यांचे हात आपणच खेळणारा कर्ता पुष्कळ वेळां प्रामाणिक असतो, दक्षही असतो. पण समोरच्या हातांतील पानें मात्र त्याला आपल्याच डोळ्यांनीं दिसतात.

नवरात्रांत अष्टमीच्या कुलाचारास सारीं मंडळी वाड्यांत जमलीं. आम्हीं एक सूचना केली. आज कोणीं 'द्या' म्हणूं नये आणि 'देऊं नका' म्हणूं नये. प्रत्येकानें आपल्यापुढें पडलेलें पान तेवढें उघडें करावें, डाव उद्यां. घटकाभर कोणी बोललें नाहीं. मग धाकट्यानें कर्जाचा आकडा सांगितला. वहिनींनीं गुडघ्यांमुळें आपण दोन वर्षांत माडीवर गेलेल्या नाहीं, हें सांगितलें. दादांना तें ठाऊक नव्हतें. दादांनीं सांगितलें कीं, वडील ज्या खोलींत गेले, त्या खोलींत बसल्याशिवाय त्यांना आजही संध्या केल्यासारखें वाटत नाहीं. आमच्या मंडळींनीं ओल धरलेल्या भिंतीचा खर्च काढून ठेवला होता, तो वाचून दाखविला. शेवटीं आम्हीं आत्याबाईंकडे वळून विचारलें.

'मला विचारतां होय?' त्या म्हणाल्या. 'साठ वर्षांत हें पहिल्यांदा.' मग जरा थांबून म्हणाल्या, 'भिंती काय, माझ्याहून म्हाताऱ्या. पडायच्या तर पडूं देत. मला तळमजल्यावरची खोली द्या, सकाळचं ऊन येईल अशी. आणि त्या खोलीच्या कागदावर माझं नांव घाला.'

खोलीचें आणि उन्हाचें कोणाला नवल वाटलें नाहीं. कागदाच्या गोष्टीनें मात्र सारे स्तब्ध झाले. ज्या घरांत त्यांनीं तीन पिढ्यांचीं बाळंतपणें केलीं, त्या घराच्या एकाही कागदावर त्यांचें नांव नव्हतें, आणि हें उणें कोणा टॅरोवाल्या बाईच्या पानांतून निघालें नसतें. दुसऱ्या दिवशींच्या बोलण्यांत वाडा देण्याचें ठरलें. पण पहिली अट तळमजल्यावरील पूर्वेच्या खोलीची आणि ती आत्याबाईंच्या नांवें करण्याची. दादांनीं वडिलांच्या खोलीचा दरवाजा, चौकटीसकट, आपल्या नव्या जागेंत बसवून मागितला. धाकट्याच्या कर्जाचा भार तिघांनीं वांटून घेतला. दादांना झालेलें दुःख या तोडग्यानें नाहींसें झालें नाहीं. तें त्या वहींतील घावांसारखें पुढच्या प्रकरणांत बरोबर येणार, आणि तसें तें येतें हें सर्वांनीं धरून चालावें, हेंच बरें.

राहतां राहिली मोहीम. आठव्या प्रकरणापूर्वीं पान उलटें पडलें. आत्याबाईंनीं तें निरखून पाहिलें आणि म्हणाल्या, 'असूं दे. वाटलेलं पान कोणी परत करतं का? उतारी कर.' त्या रात्रीं रोलंड परत आला नाहीं. डेझी आली आणि गांव वांचलें. पुस्तकाच्या हिशेबानें हा विजयच होतो. आत्याबाईंना तो पसंत पडला नाहीं. दोघेही यावयास हवे होते, असें त्यांचें मत आहे. त्यांनीं भाच्याला फोन करून बजावलें आहे कीं, दिवाळीला येतांना दुसरी पेटी आणावी, तींतलें अक्षर मोठें असावें, आणि या खेपेस चौघांची पानें काढावीं, कारण दादा आणि वहिनीही बसणार आहेत.